बुगडीचा कान

पोळ्याला चार दिवस उरले असताना एका मंगळवारी सकाळी साडेसहा वाजता सर्जेरावांनी हळदीची वाटी हातात घेऊन आपल्या लेकीच्या डाव्या कानाकडे पाहिले. कान जागेवर नव्हता. म्हणजे कान होता, परंतु काल रात्री ज्या जागी होता त्या जागी नव्हता. तो डोक्यापासून सुटून पुढे झुकला होता. वरच्या अंगाला तो पिकल्या टोमॅटोसारखा लाल आणि तकतकीत झाला होता, आणि प्रत्येक माणसाच्या कानाला जन्मापासून ज्या घड्या असतात त्या सुजेखाली बुजून गेल्या होत्या. मधोमध सोन्याची बारीक तार तेवढी आत रुतून चमकत होती.

"अण्णा, आज हात नका लावू," सुमेधा म्हणाली. तिचे डोळे तापाने जड झाले होते. "उशीबी सहन होऊन न्हाई राह्यली."

सर्जेरावांच्या हातातील वाटी कलंडली आणि पिवळे तेल त्यांच्या पायावर सांडले. ते पुसण्याचेही भान त्यांना राहिले नाही. पाच महिने, सकाळ-संध्याकाळ, एकही दिवस न चुकता त्यांनी या कानाची सेवा केली होती. मग हे काय झाले?

ही सेवा कशी सुरू झाली ते आधी सांगितले पाहिजे.

सुमेधा जालन्याच्या कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती. गेल्या हिवाळ्यात तिने घरातल्या पत्र्याच्या पेटीत आजीची सोन्याची बुगडी पाहिली. कानाच्या वरच्या कडेला घालायचा तो मोत्यांचा नाजूक दागिना हातात धरून ती म्हणाली, "आजी, कॉलेजात पोरी नकली बुगड्या घालून फिरू राह्यल्या, अन् आपल्या घरात ही असली पडून हाय! मला कान टोचायचा." तिची आजी, म्हणजे सर्जेरावांची आई नंदाबाई, त्यावर दोन दिवस काहीच बोलली नाही. ती जेवली, देवापुढे दिवा लावला, शेळीला पाला टाकला, पण बुगडीचा विषय निघाला की उठून आत जाई. तिसऱ्या दिवशी तिने स्वतः ती बुगडी रुमालात बांधून नातीच्या हातावर ठेवली आणि मुलाला म्हणाली, "टोचा. पण एक गोष्ट ध्यानात ठेव सर्जा. तार रोज फिरवायची. दोन टायमाला. पोरगी रडली तरी फिरवायची. एक दिवस चुकवला तर कान हातचा जातो."

तो शब्द सर्जेरावांच्या काळजात बरोबर बसला, कारण तो त्यांच्या रोजच्या कामाचाच शब्द होता.

सर्जेराव जालना एमआयडीसीतील एका सळईच्या कारखान्यात ग्रीसमन होते. भट्टीतून लालबुंद निघालेला लोखंडाचा ठोकळा ज्या रुळांमधून दाबत दाबत नेऊन त्याची सळई करतात, त्या रुळांच्या बेअरिंगांना वंगण देणे हे त्यांचे काम. दोन्ही बाजूंना आग, वरून पाण्याचे फवारे, आणि मधे हा मनुष्य ग्रीसगन घेऊन वाकलेला. अकरा वर्षांत त्यांच्या वाट्याची एकही बेअरिंग जाम झाली नव्हती, आणि या गोष्टीचा त्यांना जो अभिमान होता तो एखाद्या शास्त्र्याला आपल्या पाठांतराचा असावा तसा होता. जे फिरते राहते ते धरत नाही. ज्याला तेल मिळते ते झिजत नाही. सातवीनंतर शाळा सुटलेल्या सर्जेरावांना आयुष्याने शिकवलेली ही एवढीच विद्या, आणि ती त्यांनी लेकीच्या कानाला मनोभावे लावली.

पाडव्यानंतरच्या बाजारात राधेश्याम सोनाराने सुमेधाच्या डाव्या कानाच्या वरच्या कडेला तार घातली. "हा कान बसला की मंग उजवा," तो म्हणाला. त्या दिवसापासून घरात एक नेम सुरू झाला. कारखान्यातून आल्यावर सर्जेराव तीन वेळा साबणाने आणि एकदा कपड्याच्या पावडरीने हात धूत. नखांतील काळी रेघ तरीही पूर्ण जात नसे. मग ते लेकीचे डोके आपल्या मांडीवर घेत, करंजाच्या कोमट तेलात कालवलेली हळद कापसाने लावत, भोकाच्या तोंडाशी जमलेली खपली कडुनिंबाच्या काडीने हलकेच सोलून काढत आणि तार चिमटीत धरून तीन वेढे फिरवत.

"अण्णा, तुम्ही मला ग्रीस मारून राह्यले का?" सुमेधा सुरुवातीला हसून म्हणे.

"मंग! घरची मशीन हाय ती माझी," सर्जेराव म्हणत.

महिना गेला, दुसरा गेला. भोक वाळेना. कधी त्यातून पाणी येई, कधी रक्ताचा ठिपका येई, कधी तिथे मुगाएवढी गाठ उभी राही आणि आठवड्याने बसे. सर्जेरावांनी तीन वेढ्यांचे पाच केले. नंदाबाई रोज भिंतीला टेकून बसे आणि मोजत असे. पाचवा वेढा झाला की तिचा श्वास सुटे. सुमेधाचे हसणे कधी बंद झाले ते मात्र त्या दोघांपैकी कोणाच्याही लक्षात आले नाही.

आणि आज हा कान असा झाला होता.

"अवो, बघत काय उभे राह्यले? जल्दी दवाखान्यात न्या तिला," सर्जेरावांची पत्नी दैवशाला चुलीपासून धावत आली आणि लेकीच्या कपाळावर हात ठेवताच तिने तो चटका बसल्यासारखा मागे घेतला. "अगं माय! तव्यावानी तापलंय. मी येते संगं... पण शेळ्या कोन बघंल..." ती काय बोलत होती ते तिचे तिलाच कळत नव्हते.

नंदाबाई पुढे आली. तिने सुजलेला कान एकदा पाहिला आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग पाहता पाहता उतरला.

"सर्जा, फिरवायचं चुकवलं का रे तू?"

"न्हाई माय. तुझ्या गळ्याची आन. तूच तर बसली व्हती ना समोर."

"मंग असं कसं झालं?" नंदाबाई पुटपुटली. "मंग असं कसं झालं?" मग तिने लुगड्याचा पदर कानावरून आणखी घट्ट ओढून घेतला आणि म्हणाली, "मी बी येते."

शेवटी दैवशाला घरी थांबून शेळ्या आणि चूल पाहील असे ठरले, आणि तिघे निघाले. अंगद नावाचा त्यांच्याच गावचा तरुण आपल्या ॲपे रिक्षातून सकाळच्या पाळीचे कामगार एमआयडीसीत पोचवीत असे. त्याच्या रिक्षात सुमेधाला मधे बसवून आजीने तिला खांद्याशी धरले. सर्जेराव पुढे अंगदच्या शेजारी बसले. डबा नाही, ग्रीसचा डाग पडलेला कारखान्याचा शर्ट नाही, असे त्यांना या रिक्षात कोणी कधी पाहिले नव्हते.

"काय ग्रीसमन, आज सुट्टी?" अंगद म्हणाला. मग त्याने आरशात सुमेधाकडे पाहिले. "कानाला काय झालं हो ताईच्या? अकरा सालात पयल्यांदा जाम झाली वाटतं तुमची बेअरिंग."

मागचे दोघे कामगार हसले. अंगदच्या मनात काही वाईट नव्हते. रोज अशीच थट्टा चाले आणि रोज सर्जेराव त्याला तोडीस तोड उत्तर देत. आज त्यांनी आपल्या हातांकडे पाहिले. दोन्ही हात पिवळे होते. त्यांनी ते मांडीखाली दाबले आणि जालना येईपर्यंत बाहेर काढले नाहीत.

कान-नाक-घशाच्या डॉक्टर ज्योत्स्नाबाई पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी सुमेधाला खुर्चीवर बसवले, डोक्याला दिव्याची पट्टी बांधली आणि कानाला बोट न लावता बराच वेळ नुसते पाहिले. मग कानाच्या मागे दोन ठिकाणी अगदी हलके दाबले. सुमेधाने दोन्ही हातांनी खुर्चीचा दांडा आवळला.

"टोचून किती दिवस झाले?"

"पाच महिने," सर्जेराव म्हणाले.

"आणि याची निगा कोण ठेवतं?"

एवढ्या काळजीतही सर्जेरावांची छाती किंचित पुढे आली, हे येथे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. "मीच ठेवतो, मॅडम. हात धुऊन. बिलकुल खाडा न्हाई. करंजाचं तेल, हळद. खपली काढून टाकतो. अन् तार फिरवतो, सकाळी पाच वेढे, संध्याकाळी पाच. धरू नये म्हणून."

डॉक्टरांनी डोक्यावरचा दिवा विझवला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर सर्जेरावांना तो सोसला असता. त्या चेहऱ्यावर, वाईट बातमी सांगणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर असते तशी, एक शांतता होती.

"काका, बसा तुम्ही. नीट ऐका. कानाची खालची पाळी म्हणजे मांस. तिथं टोचलं तर दीड-दोन महिन्यांत भरतं. वरचा भाग म्हणजे मऊ हाड. ते भरायला सहा महिने, कधी वर्षसुद्धा लागतं. आणि भरतं कधी? त्याला कोणी हात लावला नाही तर. आतून कोवळी कातडी धरत असते. तार फिरवली की ती फाटते. तुम्ही खपली म्हणून जे काढत होतात ते कानानं स्वतःवर लावलेलं झाकण होतं."

"म्हणजे..." सर्जेरावांनी विचारले.

"म्हणजे ही जखम पाच महिन्यांची नाही, काका. ही आज सकाळची आहे. आणि कालची, आणि परवाची. रोज दोन वेळा नवी झालेली."

सर्जेरावांनी मनात हिशेब करायचा नाही असे ठरवले, तरी मन थांबेना. दिवसाचे दहा वेढे. महिन्याचे तीनशे. त्यापुढे त्यांचे मन जाईना. ते तिथेच, रुळात अडकलेल्या सळईसारखे, वाकडे होऊन थांबले. भट्टीची दारे उघडतात तेव्हा जी धग तोंडावर येते तशी धग त्यांच्या कानशिलांना लागली, आणि समोरची भिंत, तिच्यावरचे कानाचे मोठे रंगीत चित्र, खिडकीतील टेबलपंखा, सगळे एकदम फार दूर गेल्यासारखे वाटू लागले.

"आता आत पू साठलाय," डॉक्टर सांगत होत्या. "या मऊ हाडाला स्वतःचं रक्त नसतं. वरची कातडी त्याला जगवते. पुवानं कातडी हाडापासून सुटली, की हाड उपाशी मरतं. आजच चिरा देऊन पू काढावा लागेल. वाचेल असं मला वाटतं, पण शब्द देत नाही."

"अन् न्हाई वाचलं तर?" सुमेधाने विचारले. खोलीत आल्यापासून ती पहिल्यांदाच बोलत होती.

"ऐकू येण्याला काही होणार नाही. कानाचा आकार जाईल. वरचा भाग आक्रसतो, चुरगळून गोळा होतो, कागद चुरगळावा तसा. मग तो सरळ होत नाही."

इतका वेळ दाराशी उभी असलेली नंदाबाई पुढे आली. ती सुमेधाच्या खुर्चीपाशी थांबली. तिचे दोन्ही हात डोक्याकडे गेले. सर्जेरावांना वाटले, मायला भोवळ येते आहे, म्हणून ते धरायला उठले. पण नंदाबाईने डोक्यावरचा पदर धरला, तो कानामागे सारला, डाव्या बाजूचे पांढरे केस दुसऱ्या हाताने वर केले आणि मान डॉक्टरांकडे वळवली.

"असा का, बाई?"

सर्जेराव जिथे उभे होते तिथे खिळले. आपले वय अठ्ठेचाळीस. या बाईच्या कुशीत आपण झोपलो, हिच्या पाठीवर बसून शहागडच्या यात्रेला गेलो, हिच्या हातची भाकर आजही रोज खातो. आणि हिचा डावा कान आपण आज पहिल्यांदा पाहतो आहोत! वरचा अर्धा कान नव्हताच. तिथे सुकलेल्या अंजिरासारखी एक काळपट, घट्ट, सुरकुतलेली गाठ होती. ती कानाच्या उरलेल्या अर्ध्या भागावर वाकून बसली होती. मायचा पदर कधीच ढळत नाही, ती न्हायलासुद्धा सगळ्यांच्या आधी पहाटे उठते, उन्हाळ्यातही कानावरून लुगडे घट्ट घेते, या साऱ्याला ते आजवर जुन्या वळणाची मर्यादा समजत आले होते. बुगडी का घालत नाही असे कोणी विचारले तर ती म्हणे, "कामात अडकते." आणि सर्वांना ते पटत असे.

डॉक्टर उठल्या. टेबलाला वळसा घालून आल्या आणि त्यांनी ती गाठ अलगद चाचपली.

"हो आजी. असाच. केव्हा झालं हे?"

"लगीन झाल्यावर दुसऱ्या साली. सतरा वर्षांची व्हते मी." नंदाबाईचा आवाज सपाट होता, जणू ती दुसऱ्याच कोणाची हकीकत सांगत होती. "सासूबाईनं टोचला. रोज तार फिरवायच्या. माझा जीव जायचा. मंग एकदा मी तीन दिवस फिरवायच्या टायमाला गोठ्यात कडब्यामागं लपले. तीन दिवस फिरवू दिलं न्हाई. चौथ्या दिवशी कान सुजला. सासूबाई म्हनल्या, बघ, तू फिरवू दिलं न्हाई म्हून गेला तुझा कान. समद्या म्हनल्या. तेव्हापासून ह्याच्या बापाला सोडून कोनाला दावला न्हाई मी तो." तिने सर्जेरावांकडे न पाहता हात केला. "म्हून ह्याला सांगितलं. म्हनलं, माझ्यावानी चूक होऊ नये पोरीच्या कानाची. एक दिवस चुकवू नको म्हनलं."

"आजी," डॉक्टर ज्योत्स्नाबाई हळू म्हणाल्या, "न फिरवल्यानं नाही गेला तुमचा कान. फिरवल्यानं गेला. पू आधीच झाला असणार. गोठ्यातले तीन दिवस तेवढे त्या कानाला सुखाचे गेले."

नंदाबाईने केस सोडले. पदर मात्र खांद्यावरच राहिला. ती डॉक्टरांच्या तोंडाकडे असे पाहत होती की जणू त्या बाई एखाद्या न समजणाऱ्या भाषेत बोलल्या होत्या.

"मंग माझी चूक न्हवती?"

"नव्हती."

"बिलकुल न्हवती?"

"बिलकुल नाही आजी."

नंदाबाई खाली बसली. शेजारी रिकामी खुर्ची होती, तरी ती फरशीवर बसली, पाय पसरून, शेतात दमलेली बाई बसते तशी. चौपन्न वर्षे जी गोष्ट तिने पदराखाली झाकली होती ती तिची नव्हतीच. ती रडली नाही. तिने फक्त आपल्या डाव्या कानाला हात लावला आणि तो तिथेच ठेवला.

नर्सने आत तयारी केली तेव्हा सुमेधा उठली. सर्जेराव दाराशी तिच्या वाटेत आले. त्यांना खूप काही म्हणायचे होते. जे बाहेर आले ते मात्र भलतेच होते.

"बाई, इतकं दुखत व्हतं तर तू मला एकदा तरी 'नको' काहून न्हाई म्हनली?"

सुमेधाने वडिलांकडे पाहिले. त्या नजरेत तक्रार नव्हती, आश्चर्य होते.

"म्हनले व्हते की अण्णा. वैशाखात. मोबाइलवर दाखवलं बी तुम्हाला, फिरवू नका, नुसतं मिठाच्या पाण्यानं धुवा म्हणून लिहेलं व्हतं. तुम्ही हसले. म्हनले, मोबाइलला काय कळतंय, अकरा सालात माझी एक बेअरिंग जाम झाली न्हाई. मंग आजी बी म्हनली, माझं ऐक. मंग मी काय बोलू?"

ती आत गेली. दार लागले.

सर्जेराव भिंतीशी उभे राहिले. बेअरिंगचे ते वाक्य त्यांना आठवत होते. ते त्यांचेच होते, ते कोणत्याही प्रसंगी तेच म्हणत असत. परंतु त्याआधी लेक काय म्हणाली होती, मोबाइल कुठे धरला होता, तिचा चेहरा कसा होता, हे काही केल्या आठवेना. आपले उत्तर तेवढे शिल्लक राहावे आणि पोरीचा प्रश्न मनातून साफ पुसला जावा, या गोष्टीने त्यांना कानाच्या सुजेपेक्षाही मोठा धक्का बसला. कारखान्यात ते बेअरिंगला कान लावून, आतली एक गोळी फुटली असेल तर तिची बारीक कुरकुर शंभर आवाजांतून ओळखत. मांडीवर डोके ठेवलेल्या पोरीची कुरकुर त्यांना ऐकू आली नव्हती.

आतून एकदा सुमेधाचा आवाज आला. मग काही आले नाही.

अर्ध्या तासाने डॉक्टर बाहेर आल्या. "बराच पू निघाला. तार काढली. हाड खालून अजून पांढरं आहे, काळं पडलेलं नाही, हे चांगलं. कानाच्या दोन्ही बाजूंना कापसाच्या गाद्या ठेवून टाके घातलेत, म्हणजे कातडी हाडाला पुन्हा चिकटेल. दहा दिवस. गोळ्या वेळेवर. त्या कुशीवर झोपायचं नाही. आणि काका..."

"हां मॅडम. मी काय करू?"

"काहीच नाही."

"न्हाई म्हणजे, तेल न्हाई, समजलं. पण साफ कराया, बघाया..."

"काहीच करायचं नाही, काका. तेच तुमचं काम."

हे काम किती अवघड आहे याची कल्पना सर्जेरावांना दुसऱ्याच दिवशी आली. साडेसहाला त्यांचे हात आपोआप साबणाकडे गेले. हात धुऊन झाले, आणि मग धुतलेले ते हात घेऊन ते अंगणात उभे राहिले. पाच महिन्यांत त्या वेळेला दुसरे काही करण्याची सवयच उरली नव्हती. ते आत जाऊन सुमेधाच्या खाटेजवळ बसले. पट्टी कुठे सैल झाली आहे का, म्हणून त्यांनी मान पुढे केली.

"ओ ग्रीसमन!" नंदाबाई कोपऱ्यातून ओरडली. शेळ्यांची काठी तिच्या मांडीवर आडवी होती. "लांब बस. हात लावशील तर टाळकंच फोडीन."

"माय, मी नुसतं बघून राह्यलो."

"डोळ्यानं बघ. हातानं बघू नको. आपल्या घराला हातानं बघायचा लई रोग हाय."

सुमेधा खाटेवर हसली, आणि हसताना पट्टी ओढली गेल्यामुळे "आई गं" म्हणाली. सर्जेरावांचे हात लगेच पुढे झाले आणि काठी फरशीवर आपटली.

पोळ्याच्या दिवशी, घरात बैल नसला तरी दैवशालाने मातीच्या बैलांची पूजा मांडली. सर्जेराव कामावर गेले. दुपारी एका बेअरिंगशी वाकून ग्रीसगन लावताना त्यांचा हात मधेच थांबला. बेअरिंगला तर वंगण लागतेच, ती लोखंडाची आहे, हे त्यांना ठाऊक होते; तरीही त्यांनी आधी तिला कान लावला, बराच वेळ ऐकले आणि मगच दांडा दाबला. शेजारचा फिटर म्हणाला, "काय अण्णा, बेअरिंग काय सांगून राह्यली?" सर्जेरावांनी ग्रीसगन पुढच्या बेअरिंगला लावली.

अकराव्या दिवशी पुन्हा तिघे डॉक्टरांकडे गेले. टाके कापले गेले. कापसाच्या गाद्या निघाल्या. सर्जेराव दाराशीच उभे होते आणि त्यांनी डोळे मिटले होते.

"काका, बघा."

त्यांनी डोळे उघडले. कान जागेवर होता. वरची कड उभी होती, घड्या आपापल्या ठिकाणी परत आल्या होत्या. जिथे तार होती तिथे कडेला तांदळाच्या दाण्याएवढी एक खाच पडली होती आणि तिच्याभोवतीची कातडी गुलाबी, नवी होती.

"खाच राहील," डॉक्टर म्हणाल्या. "पण आकार वाचला. अजून महिनाभर मिठाच्या कोमट पाण्यानं धुवायचा, तो तिचा तिनंच. इथं पुन्हा कधी टोचायचं नाही."

"दाबाची बुगडी घालता येती का, मॅडम?" सुमेधाने आरशात कान पाहत विचारले. "बिनभोकाची?"

"वर्षानं विचार," डॉक्टर म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हसल्या.

नंदाबाईने नातीचा चेहरा उजेडाकडे वळवला, दोन्ही हात पाठीमागे धरून कान डोळ्यांनीच पाहिला, वरपासून खालपर्यंत, आणि मान हलवली.

बाहेर रस्त्याच्या कडेला अंगदची रिक्षा यायची होती. दुपारची वेळ, बाजारची गर्दी, कॉलेज सुटलेले. नंदाबाई एका दुकानाच्या ओट्यावर बसली आणि तिने नातीला जवळ बोलावले.

"सुमे, तुझ्या त्या मोबाइलमधी फोटो निघतो ना?"

"निघतो की आजी. कोनाचा काढू?"

"माझा काढ." नंदाबाईने पदर काढला. नुसता सारला नाही, पूर्ण डोक्यावरून खाली घेतला, आणि भर रस्त्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या समोर, डावा कान उघडा केला. "नुसत्या कानाचा काढ. अन् टाक त्याच्यात. समद्या पोरींनी बघू दे. लिही, तार फिरवल्यानं झाला. चूक न्हवती म्हणून लिही."

दोन मुली चालता चालता थबकल्या. एका फळवाल्याने मान वळवली. सुमेधाने मोबाइल कानासमोर धरला.

चौपन्न वर्षे ज्या गोष्टीवर पदर होता ती गोष्ट जालन्याच्या उन्हात उघडी पडली होती, आणि लोक बघत होते. आपल्या मायचे डोके झाकावे, एवढे एकच सर्जेरावांच्या मनात आले. ते दोन पावले पुढे झाले, त्यांचा हात तिच्या खांद्यावर पडलेल्या पदराकडे गेला, पदराला पोचलासुद्धा.

मग त्यांनी तो मागे घेतला आणि शर्टाच्या खिशात घातला.

"हला जरा, अण्णा," सुमेधा म्हणाली. "तुमची सावली पडू राह्यली."

ते बाजूला झाले.